उलट्या सदऱ्यातले सर

सरांचा सदरा नेहमी उलटा असायचा. शिवण बाहेर, मानेपाशी शिंप्याची चिठ्ठी बाहेर, खिसा आत. खिसा आत गेल्यामुळे पेन ते कानावर ठेवत. नवी बॅच आली की पहिल्या दिवशी पोरं एकमेकांना कोपर मारून हसत. एखादा धीट पोरगा उभा राहून सांगे, "सर, शर्ट उलटा घातलाय." सर खाली वाकून बघत, जणू आत्ताच कळलं, आणि म्हणत, "हाव की! बस खाली." दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच सदरा. आठवड्याभरात पोरं थकत आणि सरांच्या शिकवण्याकडं वळत. "उलटे सर" हे नाव त्यांना माहीत होतं. एकदा ऑफिसातल्या फोनवर त्यांनी स्वतःच "मी उलटा बोलतोय" असं सांगितलेलं मी ऐकलं आहे.

लातूरला माझा क्लास होता. फिजिक्स माझ्याकडे, बायोलॉजी त्यांच्याकडे. आता क्लास दुसऱ्यांच्या हातात आहे, मी घरी बसून आहे आणि सर जाऊन बरीच वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात जुन्या विद्यार्थ्यांनी मेळावा भरवला. जेवताना एकजण, आता स्वतःचा दवाखाना असलेला, सहज म्हणाला, "ते उलटे सर आठवतात का? मुलीला चटके द्यायचे ते?" बाकीचे हसले नाहीत, पण "हो, हो, ते" म्हणाले. मी वरणभात कालवत राहिलो. एवढ्या वर्षांनी, एवढी शिकलेली माणसं, आणि सरांविषयी त्यांच्याजवळ उरलं होतं ते एवढंच.

म्हणून लिहितो आहे. सरांनी मुलीला कधी चटका दिला नाही. हात लावला नाही असं मात्र म्हणता येणार नाही. दिवसातला कितीतरी वेळ त्यांचे हात तिच्याच अंगावर असत. फोड आला की उकळलेल्या सुईनं टोचून पाणी काढायचं, वरचा पापुद्रा तसाच ठेवायचा, व्हॅसलिन लावलेली पट्टी ठेवायची, वरून मऊ कापड गुंडाळायचं. चिकटपट्टी घरात येऊ द्यायची नाही. हाताचं प्रत्येक बोट वेगळं बांधायचं. हे रोज.

मुलीचं नाव उमा. तिचा आजार जन्मापासूनचा. कातडीचा वरचा थर खालच्या थराला धरून राहत नसे. आपल्याला खरचटतही नाही एवढ्या घासण्यानं तिला फोड यायचे, आणि फोड फुटला की भाजल्यासारखं दिसायचं. फ्रॉकची शिवणसुद्धा तिला काचायची. म्हणून तिचे कपडे उलटे. लहानपणी एकदा गल्लीतल्या पोरी हसल्या, तेव्हा तिनं फ्रॉक भिरकावला आणि बापाला म्हणाली, "मग तुम्ही घाला उलटा!" सरांनी तिथंच सदरा काढला, उलटा केला आणि घातला. ही गोष्ट उमानंच मला सांगितली. "नंतर मला कळायला लागलं. मी म्हटलं, बाबा, आता सरळ घाला. तर म्हणाले, आता सरळ टोचतो."

वर्गात आले की सर आधी बाकांच्या कडांवरून तळवा फिरवत जात. कुठं लाकडाची कूस लागली तर पँटच्या खिशातून पॉलिशपेपर काढून घासत. उमा शेवटच्या बाकावर बसायची, कारण घरी दुसरं कुणी नव्हतं. पण ते फक्त तिचाच बाक घासत नसत. कूस असेल तो बाक घासत. त्यात त्यांची पाच-दहा मिनिटं जात आणि मी खिडकीतून घड्याळाकडं बघत असे.

कुणाशी त्यांनी हात मिळवलेला मला आठवत नाही. लांबूनच नमस्कार. चहा आला की आधी बशीत ओतून ओठाला लावून बघत, मग पूर्ण गार होऊ देत आणि मग पीत. उमाला गार द्यायचा म्हणून आपणही गार. "गरम चहाची चव मी विसरलो," असं ते तक्रारीच्या सुरात सांगत नसत. गावाकडं पाऊस कसाय हे सांगावं तसं सांगत.

त्यांचा पहिला तास ठरलेला होता.

"डाव्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरा. ओढा. सोडा. काय झालं?"

"काही नाही, सर."

"का काही झालं नाही?"

मग ते फळ्यावर दोन थर काढत. वरच्या थराच्या तळाशी एक पातळ पडदा. त्या पडद्यातून कोलॅजनचे अतिबारीक धागे खालच्या थरात उतरतात, आकड्यासारखे वळतात आणि परत वर येऊन त्याच पडद्यात रुततात. त्या वळणांतून खालच्या थरातले जाड दोर आरपार गेलेले असतात. "बैलाच्या वेसणीसारखं समजा. वेसण बारीक, पण तिच्यातनं कासरा गेला की जनावर हलत न्हाई." हे धागे कोलॅजनच्या सातव्या जातीचे. एखाद्याच्या अंगात ते जन्मतःच नसतात किंवा तुटके असतात. मग वरचा थर नुसता ठेवल्यासारखा असतो.

किल्लारीच्या भूकंपात घर गेलेली पोरंही त्या वर्गात असत. त्यांच्याकडं न बघता सर पुढं सांगत, "आपल्याकडच्या भिंती बघितल्यात ना? दोन-दोन हात रुंद. बाहेरून दगडाचा एक पदर, आतून एक, मधे माती आणि गोटे. दिसायला किल्ला. पण दोन्ही पदरांना धरणारा आरपार दगड गवंड्यानं घातलाच नसला, तर जमीन हलल्यावर एक पदर रस्त्यावर पडतो आणि एक घरात." एवढं बोलून ते खडू ठेवत आणि हात झटकत.

"आरपार दगड कुठंय?" हे त्यांचं नेहमीचं बोलणं झालं होतं. विद्यार्थ्यानं पाठ केलेलं उत्तर घडाघडा म्हटलं की, "छान. आरपार दगड कुठंय?" नांदेडला शाखा काढायचा बेत मी त्यांना अर्धा तास समजावून सांगितला, तेव्हाही त्यांनी तेवढंच विचारलं. मला राग आला होता.

मी एकदा म्हणालो, "सर, हे सगळं परीक्षेत येत नाही."

"न्हाई येत. पण पोरं कातडी घालूनच परीक्षेला बसतात ना?"

आता भूकंपाच्या दिवसाचं सांगतो. हे मी त्या मेळाव्यापर्यंत कुणाला सांगितलेलं नव्हतं.

त्या सकाळी आम्ही काही मास्तर आणि मोठी पोरं टेम्पो करून किल्लारीच्या बाजूला गेलो. रस्त्यातच एका गावाशी उतरलो. गाव म्हणजे दगडांचा आणि मातीचा ढीग, त्यावर तुळया उभ्या-आडव्या. धूळ एवढी की मी तोंडावर ओला पंचा गुंडाळला होता. एका ढिगाऱ्यावर बनियन घातलेला एक माणूस दोन्ही हात पसरून उभा होता आणि मदतीला आलेल्यांना हाकलत होता.

"ओढू नका! हात धरून ओढू नका तिला! खालनं उचलायचं, चादर घालून!"

"येडं झालंय," एक म्हातारा मला म्हणाला. "बायको गेली त्येची. आता पोरीलाबी काढू दीना."

चारी बाजूंनी हाका येत होत्या. लोक तिथं कशाला थांबतील? पुढच्या ढिगाऱ्याकडं गेले. मी थांबलो. कमरेपर्यंत मातीत रुतलेली एक लहान मुलगी होती, एक हात बाहेर. ती रडत नव्हती. तो माणूस मला म्हणाला, "तुम्ही हितं थांबा. हिला हात लावू नका. मी चादर बघतो." आणि पडत-धडपडत खाली उतरला.

तेवढ्यात जमीन पुन्हा हलली. तिच्या मागची उरलेली भिंत वाकली. मी तिचं मनगट धरलं, "बाळा, डोळे मिट" म्हणालो आणि सगळा जोर लावून ओढलं. ती बाहेर आली. ती होती त्या जागेवर भिंत बसली. आणि माझ्या मुठीत तिच्या मनगटाची कातडी आली होती.

तो माणूस धावत आला. त्यानं तिचा हात पाहिला, माझ्याकडं पाहिलं. मुलीला चादरीत घेतलं. मी टेम्पोमागं जाऊन हात धुतला आणि खूप वेळ धूतच राहिलो.

पुढच्या वर्षी तोच माणूस, उलटा सदरा घालून, माझ्या क्लासच्या दारात नोकरी विचारायला उभा राहिला. गावच्या शाळेत विज्ञान शिकवत होते, आता मुलीला घेऊन पत्र्याच्या शेडमधून लातूरला आले होते. मी त्यांना ओळखलं. त्यांनी मला ओळखलं नसावं, असं मी धरून चाललो; माझं तोंड पंच्यात होतं. मी लगेच हो म्हणालो. भूकंपग्रस्त शिक्षकाला आधार दिला म्हणून लोकांनी माझं कौतुक केलं. मी ते ऐकून घेतलं.

काही वर्षांत लातूरचा रंग पालटला. गावोगावचे पालक पोरांना घेऊन येऊ लागले, घरमालकांनी स्वैपाकघरंसुद्धा खोल्या म्हणून भाड्यानं दिली, चौकाचौकात पहिल्या आलेल्यांचे फोटो लागले. माझ्या क्लासबाहेर प्रवेशासाठी रांग लागली. त्या रांगेतल्या पालकांना शेवटच्या बाकावरची उमा दिसायची. गालावर फोड, हाताला पट्ट्या.

"सर, हे लागंल की आमच्या लेकरांना."

"लागत नाही," सर सांगत. "माझ्याकडं बघा. मी रोज धुतो-पुसतो. मला लागलंय का?"

दुसरा पालक मला बाजूला घेऊन म्हणाला, "लागत नसंल तर मंग हे भाजलेलं हाय. घरात आई न्हाई. बाप काय करतो ते बघा एकदा."

मी सरांना एवढंच म्हणालो की उमाला क्लासमध्ये आणू नका. त्यांनी मान हलवली. तेव्हापासून उमा खोलीवर एकटी राहू लागली. एकटी असताना पडायची, धडकायची, जखमा वाढायच्या, आणि शेजारी आणखी बोलायचे. ते बोलणं नायगावला तिच्या मामाच्या कानावर गेलं.

मामा थेट माझ्याकडं आले. शेतकरी माणूस, धुतलेलं धोतर, टोपी हातात. खुर्चीवर बसेनात.

"सर, तुमी शिकलेले. तुमच्यापाशी काम करतात दाजी. खरं सांगा. पोरीला मारायलेत का?"

मी काही बोलायच्या आत ते पुढं म्हणाले, "तिच्या मनगटावर बगितलो मी. बोटं उमटलीत. अंगठाबी हाय. हा बाप्या मानसाचा हात हाय सर. कुनाचा हाय?"

मला माहीत होतं तो कुणाचा हात आहे. सांगायला एक वाक्य पुरलं असतं, आणि त्यात लाज वाटण्यासारखंही काही नव्हतं. मी तिला ओढलं होतं म्हणून ती जगली होती. पण ते वाक्य बोललो असतो तर मामा निश्चिंत होऊन परत गेले असते, सर राहिले असते, उमा राहिली असती आणि रांगेतले पालकही तसेच कुजबुजत राहिले असते.

मी म्हणालो, "घरातलं आपल्याला काय माहीत हो."

मामांनी माझ्याकडं टक लावून पाहिलं. शिकलेला माणूस स्पष्ट बोलत नाही, म्हणजे काय समजायचं ते त्यांनी समजून घेतलं. त्याच दिवशी ते मला घेऊनच सरांच्या खोलीवर गेले.

सर भांडले नाहीत. आधी म्हणाले, "न्हाई, ती माझ्यापाशी राहील." मामांनी उमाचं मनगट पुढं धरलं आणि विचारलं, "मंग हे काय हाय, दाजी? सांगा. सरांच्या म्होरं सांगा." सर माझ्याकडं बघत राहिले. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होतो. शेवटी सर उठले आणि उमाच्या कपड्यांची पिशवी भरू लागले. भरताना सांगत होते: कपडे उलटे घालायचे, टॉवेलनं पुसायचं नाही, टिपायचं, बोटं वेगळी बांधायची.

"पोर सांभाळायचं आमाला शिकवायलाव का आता?" मामा म्हणाले.

मामी मायाळू होती. त्या घरी उमाला कुणी वाईट वागवलं नाही, हे मी मुद्दाम लिहितो. पंचमीला गल्लीतली मणियारीण बांगड्या भरायला आली. तीन पिढ्यांपासून तिचंच घराणं त्या घरच्या लेकीसुनांना बांगड्या भरत आलेलं. मामेबहिणींनी हात पुढं केले, तशी उमाही बोटांच्या पट्ट्या सोडून जाऊन बसली. "मला हिरव्या," म्हणाली. तिला मनापासून हव्या होत्या. बापानं आजवर घालू दिल्या नव्हत्या; का दिल्या नव्हत्या ते ठाऊक असूनही तिला त्या दिवशी ठाऊक नसल्यासारखं व्हायचं होतं. मामीचे डोळे भरून आले. लेकराचे हात बांगड्यांविना उघडे होते इतके दिवस. मणियारणीनं साबणाचा फेस लावला, हाताची पाचही बोटं एकत्र दाबून मुठीत धरली, अंगठा आत घेतला आणि बांगडी वर चढवली, जशी ती हजारो हातांवर चढवत आली होती. बांगडी चढली. हाताची कातडी मोज्यासारखी सुटली.

मणियारीण किंचाळत रस्त्यावर धावली. नांदेडच्या एका दवाखान्यात डॉक्टरांना ते भाजलेलं वाटलं. दुसऱ्या हातावर आधीचे फोड होते, म्हणून दोन्ही हातांना पंजाभर एकत्र पट्ट्या बांधल्या. सरांना कळायला बरेच दिवस गेले. ते पोचले तेव्हा पट्ट्यांच्या आत बोटं एकमेकांना चिकटून गेली होती.

उमा तोवर सुंदर अक्षर काढायची. नंतर पेन दोन्ही पंजांत धरून लिहायला शिकली.

सर मामीवर रागावले नाहीत. तिला समोर बसवलं आणि बोट कसं बांधायचं ते आपल्या बोटावर दाखवलं. मग मुलीला घेऊन नांदेडला खोली केली. माझ्याकडं परत आले नाहीत, मीही बोलावलं नाही. नवे सर आले. पालक खूश झाले. आणि जे घडलं त्याची गोष्ट लातुरात पोचता पोचता अशी झाली की बापानं मुलीचे हात भाजले म्हणून तिचे मामा तिला घेऊन गेले. ती मी दुरुस्त केली नाही. कुणी विचारलं तर म्हणत असे, "जाऊ द्या, जुनं झालं."

मेळाव्यानंतर मी नांदेडला गेलो. उमा तिथं शिकवण्या घेते. हातांना मऊ कापड, अंगात उलटा कुडता, बोलणं बापापेक्षा धारदार. मी सगळं सांगितलं. ती ऐकत होती, पण चेहऱ्यावर नवल नव्हतं.

"काका, बाबांनी तुम्हाला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं."

"कसं?"

"आवाजावरून. तुम्ही 'बाळा, डोळे मिट' म्हणालात ते त्यांनी ऐकलं होतं."

मी विचारलं, "तरी मामांपुढं का नाही सांगितलं?"

"मीही विचारलं होतं. म्हणाले, त्यानं ओढलं म्हणून तू आहेस. त्यानं आपणहून सांगितलं तर ठीक, मी कसं त्याचं नाव घेऊ?" तिनं हातावरचं कापड सारखं केलं. "बाबा तसे होते. मी तशी नाही. बाबांनी माफ केलं असंल तर ते त्यांचं. बोटं माझी हायेत."

"मी म्हणूनच आलो, बाई."

"मला सांगून काय उपयोग? मला माहीतच होतं. बरं तुम्हाला वाटलं असंल. मामाला जाऊन सांगा. मामी गेली, ती जाईपर्यंत बांगड्यांचंच बोलत होती. मामा अजून बाबांचं नाव निघालं की थुंकतो."

मी दुसऱ्या दिवशी नायगावची एसटी धरली. मामा आता थकलेले आहेत, पण मला ओळखलं. "या सर, बसा," म्हणाले, नातवाला पाणी आणायला सांगितलं. मी पाणी न पिता सांगितलं. मनगटावरचा हात माझा होता. तुम्ही विचारलंत तेव्हा मला माहीत होतं.

ते म्हणाले, "मंग तवाच का न्हाई बोललात?"

"क्लास नुकता चालायला लागला होता. पालक बिथरले होते. सर आपणहून जावेत असं मला वाटत होतं. तुम्ही आलात आणि मला आयतं सापडलं."

ते मला मारतील असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते उठले आणि चपला शोधू लागले.

"कुठं निघालात?"

"मी ह्या तोंडानं समद्या गल्लीला, समद्या पावन्यांना सांगितलोय. दाजी कसाई हाय म्हनून. दाजी वारले तर मातीला गेलो न्हाई मी." त्यांनी एक चप्पल पायात सरकवली. "आता ह्या वयात एकटा कुटं कुटं फिरू? चला."

पहिल्या घरी ओट्यावर त्यांच्याच वयाचे एकजण शेंगा फोडत बसले होते. "या, या. बसा की."

"बसायला न्हाई आलो," मामा म्हणाले. "हे लातूरचे सर हायेत. आमच्या दाजीचं सांगायलेत. ऐक."

"कोन दाजी? ते चटके देनारे?"

"हाव, तेच. सांगा सर."

मी उभ्यानंच सांगितलं. म्हातारे ऐकून म्हणाले, "आता ते बी गेले, तुमच्या मंडळी बी गेल्या. आता कशाला हे?" मामा पुढच्या दाराकडं वळले. काही घरी लोक रडले, एका घरी एका बाईनं मला शिव्या दिल्या, एका घरी कुणाला सर आठवतच नव्हते. तिथंही मामांनी मला सगळं सांगायला लावलं, पहिल्यापासून.

दिवस मावळेपर्यंत गल्लीची एक बाजू झाली. "दुसरी उद्या," मामा म्हणाले. "मुक्काम हितंच करा." घरी आल्यावर त्यांनी स्वतः माझं ताट वाढलं, भाकरी संपली की विचारून दुसरी दिली. माझ्याशी आणखी एक शब्द बोलले नाहीत. सकाळी उठलो तेव्हा ते टोपी घालून दारात उभे होते.